चावडीवरची बातमी हातात आली

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचं शब्दांकन)



सकाळी चहाचं आधण ठेवलं की आता आपल्यातल्या कितीतरी जणींचा हात मोबाईलकडे जातो. कुणी बाजारभाव बघते, कुणी राशिभविष्य, कुणी काल रात्री वीज गेल्यामुळे चुकलेला मालिकेचा भाग. कुणी बातम्या वाचते, तर कुणी दुसरीला वाचून दाखवायला लावते. दहा मिनिटांत सगळं गाव आणि सगळं जग फिरून होतं, मग दूध वर येतं आणि आपण पुन्हा चुलीपाशी.

आज मी या दहा मिनिटांचा इतिहास सांगणार आहे. तो का, ते आधी सांगते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एकीच्या मोबाईलवर मेसेज आला, सरकार बायकांना फुकट शिलाई मशीन देतंय, खालच्या वेबसाइटवर फॉर्म भरा. वेबसाइट उघडली तर वर अशोकस्तंभ, बाजूला पुढाऱ्यांचे फोटो, शुद्ध मराठी. नोंदणीचे साडेतीनशे रुपये होते. नऊ जणींनी भरले. मशीन काही आलं नाही. चार दिवसांनी ती वेबसाइटसुद्धा उघडेना.

पैसे गेले याचं वाईट वाटलंच. पण खरं दुखलं ते पुढचं. दोघींच्या घरी नवऱ्यांनी मोबाईल काढून घेतले. 'तुला काय कळतंय त्यातलं?' म्हणाले. त्यातल्याच एका दादांनी आदल्या वर्षी असल्याच मेसेजवर कर्ज मिळेल म्हणून दोन हजार घालवले होते. तेव्हा त्यांचा मोबाईल कुणी काढून घेतला नव्हता.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न फिरतोय. बातमी आणि करमणूक बाईपर्यंत पोचायला एवढा वेळ का लागतो, आणि पोचली की पहिल्या चुकीला ती काढून का घेतली जाते? म्हणून मागं जाऊन पाहिलं.

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी गावात बातमी यायची दवंडीतून. कोतवाल डफ वाजवत फिरायचा, बाया दारातून ऐकायच्या. काय ठरलं ते दवंडीत कळायचं, पण ठरायचं चावडीवर, आणि चावडीवर बाई जात नसे. आपली बातम्यांची जागा म्हणजे पाणवठा, जातं आणि माहेराहून आलेला माणूस. जात्यावरच्या ओवीतून एका गावची हकिकत दुसऱ्या गावी जायची. तेही एक वर्तमानपत्रच होतं म्हणा, फक्त ते कुणी छापलं नाही.

मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र 'दर्पण'. बाळशास्त्री जांभेकरांनी ते ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलं. म्हणूनच महाराष्ट्रात ६ जानेवारीला पत्रकार दिन असतो. त्याचा एक भाग मराठी, एक इंग्रजी. पण त्या साली मराठी मुलींना वाचायला शिकवणार कोण होतं? जोतिबा आणि सावित्रीबाईंची पुण्यातली शाळा निघाली १८४८ साली, म्हणजे 'दर्पण' निघाल्यावर सोळा वर्षांनी. बातमी छापून तयार होती, ती वाचू शकणारी बाई तयार व्हायची होती.

पुढे १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' काढलं. शेतकरी आणि कष्टकऱ्यांची दुःखं मांडणारं ते सत्यशोधकांचं पत्र. त्याचे संपादक वासुदेवराव बिर्जे वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी तानुबाई बिर्जे यांनी संपादकाची खुर्ची सांभाळली आणि काही वर्षं ते पत्र चालवलं. या तानुबाई सावित्रीबाईंच्याच शाळेत शिकलेल्या. आज आपण मोबाईलवर बातमी वाचतो, तेव्हा या नावाची आठवण ठेवायला हवी. पतीमागे घराचा कारभार सांभाळणाऱ्या बाया पुष्कळ, तानुबाईंनी वर्तमानपत्राचा कारभार सांभाळला.

वर्तमानपत्राला अक्षरओळख लागते, रेडिओला लागत नाही. मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं २३ जुलै १९२७ रोजी. गावांपर्यंत तो यायला बराच काळ गेला. सुरुवातीला रेडिओ महाग, आणि ठेवायला परवाना लागायचा, त्याची फी पोस्टात भरायची. १९५६ साली पुण्याच्या आसपासच्या पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत एक प्रयोग झाला. आकाशवाणी आणि युनेस्को यांनी मिळून गावोगाव श्रोत्यांची मंडळं बनवली. ठरलेल्या दिवशी मंडळानं एकत्र बसून शेतीवरचा कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर बोलायचं, मग त्यातलं काही गावात करून बघायचं. प्रश्न पडले तर केंद्राला कळवायचे. आज आपण गटात बसून हे भाषण ऐकतो, नंतर चर्चा करतो, ती रीत आपल्याच मातीत सत्तर वर्षांपूर्वी रुजलेली आहे.

आता करमणुकीची गंमत ऐका. १९५२ साली बाळकृष्ण केसकर हे आपले मराठी गृहस्थ केंद्रात माहिती आणि प्रसारण मंत्री झाले. सिनेमाची गाणी हलकी, लोकांनी शास्त्रीय संगीत ऐकावं, असं त्यांचं मत. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गायब झाली. लोकांनी काय केलं? रेडिओची खुंटी फिरवली आणि थेट सिलोनचं स्टेशन लावलं. तिथं अमीन सायानींची बिनाका गीतमाला लागायची. सगळा देश परदेशातून आपलीच गाणी ऐकू लागला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि गाणी घरी परत आली. लोकांना जे हवं ते बंद केलं की ते दुसऱ्या वाटेनं जातात. नातीचा मोबाईल हिसकावून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मुंबईला दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. गावात मात्र बऱ्याच वर्षांनी, आणि तेही पहिल्यांदा एखाद्या बड्या घरी किंवा ग्रामपंचायतीत. 'आमची माती आमची माणसं' बघायला पुरुष पुढे बसायचे, बाया दाराशी उभ्या. जानेवारी १९८७ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागू लागलं आणि हे चित्र बदललं. देवाचं आहे म्हटल्यावर बाईला कोण अडवणार? कितीतरी जणी पहिल्यांदा दुसऱ्याच्या माजघरात हक्कानं बसल्या त्या रामायण बघायला.

तरी रेडिओ असो की टीव्ही, एक गोष्ट तीच होती. सांगणारा एकच, ऐकणारे हजारो. आपण उलट बोलायचं तर पोस्टकार्ड टाकायचं आणि वाट बघायची.

हे बदललं वेबसाइटमुळे. टिम बर्नर्स-ली नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं स्वित्झर्लंडमधल्या 'सर्न' या संशोधन संस्थेत जगातली पहिली वेबसाइट तयार केली, साल १९९१. दोन वर्षांनी त्या संस्थेनं जाहीर केलं की ही युक्ती कुणीही वापरावी, पैसे नकोत. भारतात सामान्य लोकांसाठी इंटरनेट खुलं झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, तेही मोठ्या शहरांत आणि टेलिफोनच्या तारेवरून. सुरुवातीच्या मराठी वेबसाइटची एक अडचण होती. प्रत्येक वर्तमानपत्राचा टाइप वेगळा. तो आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतला नाही, तर अक्षरांच्या जागी नुसत्या खुणा दिसायच्या. पुढे युनिकोड नावाची सगळ्या भाषांची एकच पद्धत रुळली आणि मराठी कुठेही वाचता, लिहिता येऊ लागली. १ मे २००३ला, महाराष्ट्र दिनीच, मराठी विकिपीडिया सुरू झाला.

२००५ साली यूट्यूब आलं. त्यावरचा पहिला व्हिडिओ १९ सेकंदांचा. प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून एक तरुण बोलतोय, बस एवढंच. आज तिथंच आपण पुरणपोळी, भजन, ब्लाउजची कटिंग आणि कीर्तन बघतो. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, इतर कंपन्यांनाही दर उतरवावे लागले, आणि इंटरनेट गावात शिरलं. चावडीवरची बातमी हातात आली.

पण कुणाच्या हातात? २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विचारलं होतं की तुम्ही कधी इंटरनेट वापरलं आहे का. देशातल्या ग्रामीण भागात शंभर पुरुषांपैकी साधारण ४९ जण 'हो' म्हणाले. बायांपैकी साधारण २५. म्हणजे दाराशी उभं राहणं अजून संपलेलं नाही.

आता या वेबसाइटचा धंदा समजून घेऊ. वर्तमानपत्राला आपण पैसे देतो. वेबसाइट बहुतेक फुकट असते. मग ती चालवणाऱ्याला परवडतं कसं? जाहिरातीवर. जितके लोक बघतील, जितका वेळ थांबतील, तितके पैसे. म्हणून मथळा असा देतात की बोट थांबलंच पाहिजे. आत बातमी मुठीएवढी, बाहेर गाठोडं डोक्याएवढं. जत्रेत मौत का कुआँवाला बाहेर भोंगा लावून ओरडतो, तसंच हे. त्यानं ओरडावं, तो त्याचा धंदा. तिकीट काढायचं की नाही हे आपण ठरवायचं.

आणि नुसती बातमी खोटी निघाली तर काय होतं, ते आपल्या महाराष्ट्रानं पाहिलंय. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज तेव्हा सगळीकडे फिरत होते. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं त्या संशयावरून ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. पाचही निरपराध. त्यांच्याही घरी बायका-पोरं वाट बघत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि पुढे ढकललेल्या मेसेजवर तशी खूणही दिसू लागली. पण मेसेज पुढे पाठवणारं बोट आपलंच असतं. त्या बोटाला मर्यादा आपणच घालायची.

मग मोबाईल बंद करून ठेवायचा का? अजिबात नाही. बायांनी उलट बोलायला सुरुवात कशी केली ते बघा.

उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटला २००२ साली गावातल्या बायांनी 'खबर लहरिया' नावाचं वर्तमानपत्र काढलं, आपल्या बुंदेली बोलीत. त्यात दलित बाया होत्या, आदिवासी, मुसलमान होत्या. हातपंप, रस्ता, रेशन, बाईवरचा अत्याचार, या त्यांच्या बातम्या. पुढे त्यांनी मोबाईल हातात घेतला, आणि आज त्यांच्या बातम्या वेबसाइटवर आणि यूट्यूबवर असतात. त्यांच्यावरची 'रायटिंग विथ फायर' ही फिल्म २०२२ साली ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली.

आपल्या शेजारच्या तेलंगणात, तेव्हाच्या मेदक जिल्ह्यात, दलित बायांनी १५ ऑक्टोबर २००८ रोजी 'संघम रेडिओ' सुरू केला. बियाणं, सण, गाणी, औषधी झाडपाला, सगळं त्यांच्याच तोंडून. त्याच वर्षी आपल्या साताऱ्यातल्या म्हसवडला 'माणदेशी तरंग' सुरू झाला. सामुदायिक रेडिओचा परवाना स्वयंसेवी संस्थांना मिळू लागला तो २००६च्या धोरणानंतर. त्याआधी १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की आकाशातल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. तुम्ही आत्ता माझा आवाज ऐकताय तो त्या निकालाच्या वाटेनंच आलाय.

आमच्या गटानं मग काय केलं? शिलाई मशीनच्या प्रकारानंतर आम्ही नऊ जणींना दोष दिला नाही. दर शनिवारी बैठकीत हप्ता गोळा झाला की अर्धा तास ठेवला. जिला जो मेसेज, जी बातमी आली असेल ती तिनं मोठ्यानं वाचायची. मग तीन प्रश्न. हे कुणी सांगितलंय, त्याचं नाव-गाव आहे का? हेच दुसऱ्या ठिकाणी, एखाद्या वर्तमानपत्रात किंवा रेडिओवर आलंय का? आणि यात आपल्याकडून पैसे किंवा ओटीपी मागितलाय का? योजना असेल तर तलाठी, ग्रामसेवक किंवा अंगणवाडीताईला विचारल्याशिवाय बोट लावायचं नाही. गेल्या चार महिन्यांत अशा बैठकीत आम्ही सहा खोटे मेसेज पकडले. एक तर त्या दोन हजार घालवलेल्या दादांनीच पाठवला होता.

ज्या दोघींचे मोबाईल काढून घेतले होते, त्यातल्या एकीचा परत मिळाला. नवरा म्हणाला, 'तुमच्या बैठकीत माझाही मेसेज तपासून आण.' दुसरीचा अजून मिळालेला नाही. तोवर तिच्या वाटची बातमी आम्ही तिला वाचून दाखवतो आणि तिच्या घरी जाऊन बोलणंही चालू आहे.

तुमच्या गटात या आठवड्यात एवढंच विचारा: आपल्यातल्या कितीजणींकडे स्वतःचा मोबाईल आहे, आणि तो कुणाच्या परवानगीनं चालतो? आणि आपल्या गावची एक बातमी ठरवा, जी आपणच सांगायला हवी. ती आम्हाला कळवा. पुढच्या वेळी या माईकसमोर तुमच्यातली कुणीतरी बसलेली असू दे.