फजरला गरम पाणी : एका पत्र्यातून घरच्या घरी सौर बंब

बुलडाणा जिल्ह्यात उन्हाची कमी नाही. डिसेंबर-जानेवारीतही दुपारी गच्चीवर पाय भाजतील असं ऊन असतं. पण गरम पाण्याची खरी गरज दुपारी नसते, ती पहाटे असते. थंडीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि फजरची वजू त्याच्याही आधी करायची असते. घाटावर, बुलडाणा-चिखली-मेहकरकडे, त्या वेळी टाकीतलं पाणी बोटं बधिर करतं. घरात म्हातारे आई-वडील, लहान लेकरं, बाळंतीण असेल तर मग चूल पेटवा, बंब पेटवा, नाही तर बादलीत रॉड टाका. आणि ओल्या हाताने रॉडला शिवल्यावर काय होतं ते सांगायची गरज नाही.

म्हणून सौर बंबाचा विचार आपण फजरपासून उलटा करायचा. दुपारी पाणी किती तापलं हा पहिला प्रश्न नाही. पहाटेपर्यंत किती गरम राहिलं, हा पहिला प्रश्न आहे. घरगुती प्रयोग फसतात ते बहुतेक इथेच.

हे फसणं जुनंच आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी १८९१ मध्ये सौर बंबाचं पेटंट घेतलं. काळ्या रंगाच्या टाक्या काचेच्या पेटीत ठेवायच्या, एवढीच कल्पना. दिवसा पाणी तापायचं, रात्री निवायचं. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विल्यम बेली यांनी टाकी वेगळी करून ती नीट गुंडाळून ठेवली आणि आपल्या बंबाला नावच दिलं ‘डे अँड नाइट’. आज बाजारात मिळणारे बहुतेक घरगुती सौर बंब याच वाटेने आलेले आहेत. आपल्याकडे जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने, म्हणजे ‘काझरी’ने, १९७० च्या दशकात पुन्हा साध्या पेटीकडे वळून चपट्या टाकीचा बंब तयार केला. तीच टाकी ऊन घेते आणि तीच पाणी साठवते. पंप नाही, वीज नाही. आम्ही खाली मांडलेली रचना त्याच जातीची आहे. मापं मात्र आपल्या बाजारात मिळणाऱ्या पत्र्यानुसार धरली आहेत.

किती पाणी, किती ऊन?

पाच माणसांचं घर धरू. सगळ्यांची अंघोळ आणि फजरची वजू यासाठी साधारण १०० लिटर पाणी लागतं. पाणी २० अंशांवरून ५० अंशांपर्यंत न्यायचं, म्हणजे रात्री १०-१२ अंश उतरलं तरी पहाटे ३८ ते ४० अंश मिळतं. अंघोळीला एवढं पुरे.

यासाठी साधारण साडेतीन युनिट उष्णता लागते. गिझरवर एवढीच वीज रोज जळते. गॅसवर हे पाणी तापवलं तर १४.२ किलोचा सिलिंडर फक्त अंघोळीत महिना-सव्वा महिन्यात संपतो. चुलीवर रोज चारेक किलो लाकूड लागतं. पऱ्हाटी-तुराटी फुकट वाटते, पण ती गोळा करणं, फुंकणं आणि धूर सोसणं हे घरातल्या बायकांच्याच वाट्याला येतं.

आता ऊन. हिवाळ्यात आकाश निरभ्र असताना दक्षिणेकडे तिरप्या ठेवलेल्या एक चौरस मीटरवर दिवसभरात पाच ते साडेपाच युनिट ऊन पडतं. घरी बनवलेली चांगली पेटी त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त पाण्यात उतरवते. म्हणजे साडेतीन युनिटसाठी सव्वा चौरस मीटरच्या आसपास जागा हवी.

एका पत्र्याची टाकी

८ बाय ४ फुटांचा, १८ गेजचा एक जस्ती पत्रा घ्यायचा. त्यातून १२० बाय १०० सेंमीचे दोन तुकडे निघतात, वरचा आणि खालचा. उरलेल्या पट्टीतून ८ सेंमी उंचीच्या चारही बाजू निघतात, दुमडायलाही पत्रा उरतो. अशा टाकीत ९६ लिटर पाणी मावतं. एवढं काम कोणताही फॅब्रिकेशनवाला करून देईल. त्याला फक्त या गोष्टी बजावून सांगा :

१. टाकीच्या आत दर २०-२५ सेंमीवर दोन्ही पत्र्यांना जोडणारे आडवे टेकू हवेत. ते नसतील तर पाण्याच्या दाबाने टाकी फुगते आणि सांधे उसवतात.

२. थंड पाण्याची नळी टाकीच्या सगळ्यात खालच्या कडेला उघडली पाहिजे. तिचं दुसरं टोक वर नेऊन त्याला नरसाळं बसवायचं.

३. गरम पाण्याची नळी सगळ्यात वरच्या कडेला. नरसाळ्याचं तोंड या नळीपेक्षा १०-१५ सेंमी उंच हवं.

४. गरम नळीला तोटी बसवायची नाही. ती उघडीच ठेवायची. तोटी बंद राहिली तर दाब टाकीवर येतो.

५. तळाला गाळ काढण्यासाठी एक प्लग ठेवायचा.

वापर अगदी सोपा. नरसाळ्यात एक बादली थंड पाणी ओता, वरून एक बादली गरम पाणी बाहेर येतं. थंड पाणी जड म्हणून तळाशी बसतं आणि गरम पाण्याला वर ढकलतं. आपल्याकडे बऱ्याच गावांत नळाला रोज पाणी येत नाही आणि सगळ्यांच्या घरावर टाकी नसते. अशा घरांना हीच पद्धत सोयीची. मात्र सावकाश ओता. धडाधड ओतलं तर गरम-थंड मिसळतं. नीट ओतलं तर चार बादल्या चांगल्या गरम आणि पाचवी कोमट निघते.

वरून टाकीचा नळ जोडायचाच असेल तर तो थेट जोडू नका. नरसाळ्याच्या जागी छोटा डबा ठेवून त्यात कूलरला लावतात तसा फ्लोट बसवा. गरम पाणी खाली न्हाणीत नेताना नळीच्या वरच्या टोकाला टी जोडून एक उभी नळी हवेसाठी उघडी ठेवा, नाही तर पाणी ओढलं जाऊन टाकी आपोआप रिकामी होत राहील. पाइप सीपीव्हीसीचा घ्या, साधा पांढरा पीव्हीसी गरम पाण्याने वाकतो.

पेटी, काच आणि गोधडी

टाकीचा वरचा भाग काळा रंगवायचा. चकचकीत ऑइलपेंट नको, शाळेच्या फळ्याला देतात तसा मंद काळा रंग द्या. टाकी लाकडी किंवा पत्र्याच्या पेटीत बसवायची. खाली आणि चारही बाजूंना ५ सेंमी ग्लासवूल. ते मिळालं नाही तर नारळाचा काथ्या किंवा कूलरचं कोरं, कोरडं गवत ८-१० सेंमी दाबून भरा. थर्माकोल टाकीला टेकवू नका. एखाद्या दिवशी टाकी रिकामी राहिली तर तो आकसून जातो. भरण ओलं झालं की उष्णता धरत नाही, म्हणून पेटीत पावसाचं पाणी शिरता कामा नये.

टाकीच्या वर ३-४ सेंमी अंतर सोडून काच. ४ मिमीची साधी काच चालते, पण आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट होते आणि काही गावांत वांदरांचा त्रास आहे. परवडत असेल तर टफन्ड काच घ्या, नाही तर वर बारीक जाळी लावा.

आता फजरचा मुद्दा. काच ऊन आत घेते, पण रात्री त्याच काचेतून उष्णता बाहेर जाते. म्हणून असरनंतर ऊन उतरलं की काचेवर जाड गोधडी टाकायची आणि तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद, म्हणजे दव पडून गोधडी भिजणार नाही. सकाळी ऊन आलं की काढायची. हे काम रोजचं आहे आणि चुकलं तर सगळी मेहनत वाया जाते. घरातल्या एखाद्या मुलाकडे ते सोपवून द्या. दुसरा नियम : मगरिबनंतर टाकीत थंड पाणी ओतायचं नाही. रात्री एक बादली काढली की पहाटेचं सगळं पाणी निवतं.

दिशा आणि उतार

पेटीचं तोंड दक्षिणेला हवं. दिशा शोधायला होकायंत्राची गरज नाही. बुलडाण्यातून किब्ला पश्चिमेपासून सुमारे ८ अंश उत्तरेकडे आहे. नमाजला उभं राहिल्यावर आपला डावा हात ज्या बाजूला, ती जवळजवळ दक्षिण. आठ अंशांच्या फरकाने पाणी तापण्यात काही बिघडत नाही.

उतार ३० अंशांचा ठेवा. पेटी १०० सेंमी लांब असेल तर मागची कड पुढच्या कडेपेक्षा ५० सेंमी उंच. आपला जिल्हा साडेवीस अक्षांशांच्या आसपास आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला झुकतो, त्यासाठी उतार थोडा जास्त धरला आहे. सकाळी ९ ते दुपारी ४ पर्यंत झाडाची, भिंतीची सावली पडू नये.

भरलेल्या पेटीचं वजन दीडशे किलोच्या आसपास जातं. पक्क्या स्लॅबवर भिंतीच्या वर ठेवा. पत्र्याच्या छपरावर किंवा जुन्या धाब्याच्या घरावर मुळीच ठेवू नका. अंगणात ओट्यावर ठेवली तरी काम तेच होतं, उलट बादली ओतायला सोपं जातं.

घाटाखाली पाणी वेगळं

वरची जस्ती टाकी गोड्या पाण्यासाठी आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुऱ्याकडे, बोअरचं पाणी खारं. ते गरम झालं की क्षाराचा थर धरतो आणि जस्ती पत्रा लवकर खातो. तिथे ही टाकी करून पैसे घालवू नका.

त्या भागात याच पेटीत काळ्या जाड प्लॅस्टिकचे ३०-३५ लिटरचे तीन कॅन आडवे ठेवावेत आणि पेटी तेवढी खोल करावी. पाणी थोडं कमी तापेल, पण कॅन गंजत नाही आणि खराब झाला तर एकटा बदलता येतो. औषध-फवारणीचे किंवा केमिकलचे जुने कॅन कितीही धुतले तरी वापरायचे नाहीत. उन्हाळ्यात अशी पेटी झाकून ठेवा, नाही तर प्लॅस्टिक मऊ पडतं.

बाजारातला तयार बंब घेणार असाल तर दुकानदाराला पहिला प्रश्न पाण्याचा विचारा. तांब्याच्या बारीक नळ्यांचे पॅनेल खाऱ्या पाण्याने बुजतात. काचेच्या नळ्यांचा बंब त्या मानाने तग धरतो, पण नळ्यांत बसलेला क्षार साफ करावा लागतो. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेबद्दल बरेच जण विचारतात. ती योजना छतावर वीज बनवणाऱ्या पॅनेलसाठी आहे, पाणी तापवणाऱ्या बंबासाठी नाही.

उन्हात तापलेल्या पाण्याने वजू?

हा प्रश्न ज्येष्ठ मंडळी हमखास काढतात. असं पाणी पाक आहे आणि त्याने वजू व गुस्ल होतात. धातूच्या भांड्यात उन्हाने तापलेलं पाणी अंगाला वापरणं मकरूह असल्याची चर्चा जुन्या फिकहच्या किताबांत आहे, विशेषतः शाफई मसलकात. तिचं कारण त्वचेला अपाय होण्याची भीती हे सांगितलं जातं. स्वतः शाफई असलेल्या इमाम नववींनी मात्र या मकरूह म्हणण्याला पक्का पुरावा नसल्याचं मत दिलं आहे. मनात शंका असेल तर आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना किंवा मुफ्तीसाहेबांना विचारून घ्या.

मशिदीच्या वजूखान्यासाठी

पहाटे ३९ अंशांचं ९६ लिटर पाणी १५ अंशांच्या थंड पाण्यात मिसळून ३० अंशांचं केलं, तर दीडशे लिटर कोमट पाणी होतं. बदन्याने वजू केली तर एकाला दोन लिटर पुरतं, म्हणजे ७५ नमाजी. तोटी सुरूच ठेवली तर सहा लिटर सहज जातं, मग तेच पाणी २५ जणांनाच पुरतं. बंब मोठा करण्याआधी तोटी लहान करा. मोहल्ल्याच्या लहान मशिदीला दोन पेट्याही बऱ्याच होतील.

लक्षात ठेवायचं

- दुपारी गरम नळीतून लिटरभर पाणी थेंबथेंब येतं. ती गळती नाही, तापल्यावर पाणी फुगतं.
- एप्रिल-मेमध्ये पाणी अंग भाजेल इतकं तापू शकतं. बादलीत आधी थंड, मग गरम. लेकरांना नळीजवळ जाऊ देऊ नका.
- हे पाणी पिण्यासाठी किंवा स्वयंपाकासाठी नाही.
- महिन्यातून एकदा तळाचा प्लग काढून गाळ सोडा. जस्ती टाकीत ॲसिड किंवा निंबूफूल टाकू नका, जस्त निघून जातं.
- जस्ती टाकीला तांब्याची नळी थेट जोडू नका, सांध्यापाशी गंज चढतो.
- ढगाळ दिवशी पाणी तापणार नाही. चूल किंवा गिझर मोडीत काढू नका, त्यांचं काम फक्त कमी करा.

पेटी तयार झाली की आठवडाभर एक वही ठेवा. असरला गोधडी टाकताना आणि फजरला काढलेल्या पहिल्या बादलीत थर्मामीटर बुडवून आकडा लिहा. संध्याकाळी ५० आणि पहाटे ३८ असेल तर काम जमलं. संध्याकाळी ५० आणि पहाटे ३० असेल तर टाकी ठीक आहे, दोष गोधडीत किंवा खालच्या भरणात आहे. संध्याकाळीच ४० असेल तर सावली, दिशा किंवा काचेच्या फटी तपासा. दोन आकडे बघितले की दुरुस्ती कुठे करायची ते कळतं.