पोल्लिलूर १७८० : हवालदाराच्या हातात काय होतं?

चेन्नईहून कांचीपुरमला जाताना वाटेत श्रीपेरुंबुदूर लागतं. रामानुजाचार्यांचं जन्मगाव, आता मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध. याच पट्ट्यात १७८० च्या पावसाळ्यात कंपनी सरकारची एक अख्खी तुकडी बुडाली.

जुलैमध्ये हैदरअली घाट उतरला. नाना फडणीसांनी जुळवलेल्या इंग्रजविरोधी फळीतला तो दक्षिणेकडचा गडी. मद्रासकर मात्र गाफील. तिजोरीत खडखडाट, ओढायला बैल नाहीत, फौज विखुरलेली. बक्सारचा विजेता हेक्टर मन्रो मद्रासेत, कर्नल बेली पार गुंटूरकडे. दोघांनी भेटायचं कुठे, तर कांचीपुरमला. शत्रूच्या तोंडाशीच म्हणा ना!

बेली कोसस्थलैयार नदीवर पोचला तेव्हा पात्र ओलांडता येत होतं. त्याने अलीकडेच मुक्काम केला. रात्रीत पूर आला आणि आठवड्याहून जास्त वेळ गेला.

आता हवालदाराकडे येऊ. गोऱ्या पलटणीत सार्जंट, हिंदी पलटणीत हवालदार. शब्द फारसी, पण आपल्या घरातला. शिवाजी महाराजांच्या पायदळात नाईकाच्या वर हवालदार असेच. काम काय? रांग मोडू न देणं, पडलेल्याची जागा भरणं, हुकमाआधी बार उडू न देणं. हे युद्ध सुरू झाल्यावर शिकवता येत नाही. शांततेच्या कंटाळवाण्या वर्षांत, रोजच्या कवायतीतच ते अंगी मुरतं. मद्रासेत तेवढं एक तयार होतं.

ते दिसलंही. ६ सप्टेंबरला पेरंबाक्कमजवळ टिपूचा हल्ला या तुकडीने परतवला. पण १० तारखेला पोल्लिलूरला दारूगोळ्याच्या गाड्यांचा स्फोट झाला. तरीही उरलेल्यांनी चौकोन बांधून हल्ल्यांमागून हल्ले परतवले. मन्रो काही कोसांवर होता, आला नाही. बेली कैद झाला. मन्रोने तोफा कांचीच्या तळ्यात ढकलल्या आणि मद्रास गाठलं.

म्हणून 'शिपाई कच्चे पडले' हे मला पटत नाही. हवालदार रांग भरेल. बैल, दारू आणि चुकलेला बेत कुठून भरणार? नोव्हेंबरात बंगालहून आयर कूट आला, तोही जानेवारीपर्यंत मद्रासेतून हलला नाही.

श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत महालात या लढाईचं भित्तिचित्र आहे. पालखीतला बेली आहे, फुटणारी गाडी आहे, आणि भोवती लाल डगल्यांच्या सारख्या रांगा. त्यात हवालदार कुठला, ते मला काही ओळखता आलं नाही.