बंबाचं कूळ

बीडजवळ मांजरसुंब्याला एका पेट्रोल पंपावर चाकात हवा भरून घेत होतो. भिंतीला चार लाल बादल्या टांगलेल्या. बुडं गोल, खाली ठेवली की कलंडते, म्हणून धुण्याभांड्याला कुणी पळवत नाही. एकीतल्या वाळूत विडीचं थोटूक खुपसलेलं. शेजारी रिकामं पिंप, आणि वर बंब बोलवायचा नंबर, १०१.

बादली, पिंप, बंब. घरी येईपर्यंत डोक्यात हेच घोळत राहिलं, कारण तिन्ही शब्द पोर्तुगीज. 'बाल्दे'ची बालदी झाली, मग ल आणि द यांनी जागा बदलल्या. 'पीपा'चं पीप, पिंप. आणि 'बोंबा' म्हणजे पाणी उपसायचं यंत्र, त्याचा बंब. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात. पोर्तुगीज इथे फिरकले नाहीत. शब्द घाट चढून आले, बहुधा व्यापाऱ्यांच्या तोंडून.

बंबाबद्दल मात्र सगळे माझं ऐकत नाहीत. पहिला आक्षेप: हा इंग्रजी 'पंप'च. मग त्याच शब्दाचा पेट्रोलपाशी 'पंप' आणि आगीपाशी 'बंब' कसा? पोलीस, पेन, पार्सल यांतला प आपण कधी ब केला नाही. दुसरं मत परळीच्या एका मित्राचं: 'बम बम भोले'! वैजनाथाच्या गावात याला विरोध करायचा नसतो, म्हणून चहा घेऊन उठलो. तिसरा दावेदार खरा तगडा: बोंब. आग लागली की बोंब ठोकतात, ती ऐकून येतो तो बंब. ऐकायला झकास. पण मग गुजरातीत आगीच्या गाडीला 'बंबो' का? हिंदीत पाण्याच्या नळाला 'बंबा' का? तिथे बोंबलण्याचा काय संबंध? 'बोंबा'तला ओ जाऊन अ का आला, ही माझी दुखरी बाजू आहे, कबूल. पण शेवटचा आ 'पीपा'तूनही असाच गळाला, आणि ओ-अ ची अदलाबदल वाटेत गुजरातेत झाली असणार, असं मी धरून चालतो.

न्हाणीघरातला तांब्याचा बंब? मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी, खाली तोटी. माझ्या मते नाव तोटीवरून पडलं; हिंदीतला नळवाला 'बंबा' माझ्या बाजूने उभा आहे.

गंमत पुढेच आहे. पोर्तुगीजमध्ये पेट्रोल पंपही 'बोंबा'च, आणि अग्निशामक जवान 'बोंबेइरो'. आग लावू शकणारा आणि विझवणारा एकाच आडनावाचे. आणि पेट्रोलपुढे पाण्याचा बंब उताणा पडतो. पेट्रोल पाण्याहून हलकं, ते तरंगतं आणि धारेबरोबर जळत गटारात शिरतं. त्याची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड, खोलगट जागेत साचते. म्हणून टँकर उलटला की आधी वाऱ्याच्या वरच्या अंगाला जायचं, इंजिनं बंद करायची, वाळू-मातीचा बांध घालून नाल्याचं तोंड अडवायचं. घागरी घेऊन धावणाऱ्यांना हे सांगणं सर्वांत कठीण.

बंबाला पेट्रोलशी लढता आलं ते फेसामुळे. तो काढला अलेक्झांडर लोरान या बाकूतल्या मास्तरांनी. तेलविहिरींच्या गावातला माणूस, पेटंट १९०४ चं. खाण्याचा सोडा, तुरटीच्या भावकीतलं ॲल्युमिनियम सल्फेट, आणि बुडबुडे टिकावेत म्हणून सॅपोनिन किंवा ज्येष्ठमध. सॅपोनिन म्हणजे रिठ्यातलं फेसाळ द्रव्य. आजीच्या न्हाणीचं निम्मं सामान बाकूच्या तेलावर! फेस पेट्रोलवर गोधडीसारखा पसरतो, वाफ आणि हवा यांची गाठ तोडतो.

टँकरच्या नारंगी पाटीवर '३ वाय ई' आणि १२०३ असतं. १२०३ म्हणजे पेट्रोल, आणि पहिला ३ म्हणजे फेस वापरा. पण आमच्याकडे ऊस आहे, उसापासून इथेनॉल. ते पाण्यात विरघळतं, साध्या फेसातलं पाणी शोषून बुडबुडे फोडतं. त्याला वेगळा फेस लागतो, वर चिवट पातळ पडदा धरणारा, आणि त्याची खूण म्हणून पाटीवर आकड्याआधी एक काळा ठिपका येतो.

परवा पुन्हा त्या पंपावर गेलो. बादलीत थोटकं आता तीन झाली होती.