गहाण वावर

पापळ हे अमरावती जिल्ह्यातलं लहानसं गाव. तिथल्या शामराव देशमुखांनी वावर गहाण ठेवून १९२० साली मुलाला विलायतेला धाडलं. पंजाबराव १९२६ साली बॅरिस्टर आणि ऑक्सफर्डचे डॉक्टर होऊन परतले. गावची शाळा संपली की पुढं काय, हे त्यांनी भोगलं होतं. आधी चांदूर रेल्वे, मग कारंजा, मग अमरावती! म्हणूनच अमरावतीत सगळ्या जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय निघालं आणि १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली.

शामरावांचं नाव मुलामुळं राहिलं. बाकीच्या बापांचं कोण लिहिणार?

माझे अब्बा अकोल्याकडचे पिंजारी. त्यांनी मला मराठी हायस्कुलात घातलं. मोहल्ल्यातले म्हणाले, 'पोट्टं हातचं जाईन.' अब्बा हेडमास्तरांना एवढंच म्हणाले, 'साहेब, फी थंडीत देतो, गाद्या भरायचे दिवस आले की.' आणि दिलीही.

प्रगतिपुस्तकावर ते अंगठा उठवत. आधी हात सदऱ्याला नीट पुसत, तरी कापसाचा एखादा तंतू शाईला चिकटायचाच. दहावीचं ते पुस्तक अजून माझ्या पेटीत आहे, तंतूसकट.