तांब्याचे माप

इतिहास म्हटला की आपल्याला देवळे, किल्ले, ताम्रपट आणि राजवटी आठवतात. गोव्यात तर इतके राज्यकर्ते होऊन गेले की त्यांची जंत्री पाठ करण्यातच शाळेतला इतिहास संपतो. पण घरातल्या तांब्यालाही इतिहास असतो. तो वाचायला मोजपट्टी लागते एवढेच.

ही गोष्ट आपल्याला एका अमेरिकन जोडप्याने सांगितली. चार्ल्स ईम्स वास्तुकलेतले, त्यांची पत्नी रे ईम्स चित्रकार. प्लायवूड वाकवून केलेल्या खुर्च्यांमुळे दोघांचे नाव झाले होते. यंत्रयुगात आपल्या वस्तूंचा दर्जा घसरू नये यासाठी कसले शिक्षण द्यावे, हे भारत सरकारने त्यांना विचारले. फोर्ड फाउंडेशनने खर्च उचलला. दोघे देशभर हिंडले आणि एप्रिल १९५८ मध्ये त्यांनी आपला अहवाल दिला. 'द इंडिया रिपोर्ट' या नावाने तो ओळखला जातो. गीतेतल्या वचनांनी सुरू होणाऱ्या या अहवालात सर्वांत जास्त कौतुक कोणाचे असेल? लोट्याचे!

नुसते कौतुक करून ते थांबले नाहीत. लोटा आज नव्याने घडवायचा झाला तर काय काय विचारावे लागेल, याची त्यांनी यादीच दिली. एका वेळी किती पाणी न्यायचे? उचलणारा हात पुरुषाचा की बाईचा, लहान की मोठा? डोक्यावरून न्यायचा, कमरेवर की हातात? भरलेला आणि रिकामा असताना तोल कुठे राहतो? तोंड केवढे असले म्हणजे आतून घासता येईल? जमिनीवर ठेवताना आवाज कसा येतो? मोडीत काढला तर काय मिळेल? आणि एवढे सारे विचारून ते म्हणतात की लोटा कोणा एका माणसाने घडवलेला असणे शक्यच नाही. पिढ्यान् पिढ्या माणसे तो वापरत गेली, थोडा थोडा बदलत गेली.

या अहवालाच्या प्रेरणेने १९६१ साली अहमदाबादला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन ही संस्था उभी राहिली. तिच्या जडणघडणीत गौतम आणि गिरा साराभाई या भावंडांचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी डिसेंबरात गोवा मुक्त झाला.

रोजच्या वस्तूला मोजून बोलते करण्याची ही रीत आपल्याच मातीतल्या एका माणसाने आधी वापरली होती. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ सालचा, गोव्यातला. पाली पंडित धर्मानंदांचे हे चिरंजीव गणिती होते. १९४० च्या सुमारास त्यांनी तक्षशिलेची प्राचीन आहत नाणी एकेक करून तराजूत घातली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते, म्हणजे सरासरी वजनातली घट हे चलनातल्या काळाचे माप झाले. ज्या नाण्यांच्या मागच्या बाजूला ठसे अधिक, त्यांचे वजन सरासरीने कमी भरले. हा हिशेब पडताळण्यासाठी त्यांनी आपल्या काळातली चालू नाणीदेखील वजन करून पाहिली. राजाचे नाव नसलेल्या नाण्यांचा कालक्रम त्यांनी असा लावला. खरे पाहता ते मोजत होते ती हजारो अनाम हातांची झीज.

मी कला शाखेचा पदवीधर, गणिताशी माझे फारसे सख्य नाही. तरीही हे वाचल्यावर घरातला जुना पितळी तांब्या घेऊन बसलो. उंची चौदा सेंटीमीटर, पोट तेरा, गळा आठ. काठोकाठ भरला की लिटरभर पाणी मावते. ओठ बाहेर वळलेला, त्यामुळे ओल्या हातातूनही तो निसटत नाही. बूड गोलसर, त्यामुळे कोपऱ्यात राख-चिंच अडकत नाही. मग आत हात घालून पाहिला. माझा पंजा गळ्याशीच अडकला. बायकोचा मात्र अंगठा दुमडून सहज आत गेला आणि तळाला टेकला!

वाचकहो, ते आठ सेंटीमीटर म्हणजे एक लेखी पुरावाच आहे. तांब्या कोणी पाण्याने भरला हे त्यावरून सांगता येणार नाही, पण कोणी घासला ते कळते. कुठल्याही बखरीत वा दप्तरात जिची नोंद नाही, त्या बाईच्या हाताचे माप कासाराने धातूत धरून ठेवले आहे.

आम्हा सरकारी कारकुनांकडे जडवस्तूंची नोंदवही असते. 'खुर्ची, लाकडी, नग चार, किंमत अमुक.' ती खुर्ची कोणाच्या पाठीला सोसते आणि कोणाचे पाय अधांतरी ठेवते, याचा रकाना तिच्यात नसतो. ईम्स दांपत्याचे प्रश्न म्हणजे नेमके ते गाळलेले रकाने. माझ्या मते डिझाइन शिकण्याची खरी सुरुवात तिथेच होते. आधी पाहायचे, मग मोजायचे, मग 'हे एवढेच का?' असे विचारायचे.

२००९ साली बाणावलीला 'गोवा चित्र' हे संग्रहालय सुरू झाले आणि आपल्या शेतीची अवजारे, घरगुती वस्तू तिथे मानाने मांडल्या गेल्या. फार मोठे काम झाले. परंतु प्रत्येक घरातली आदोळी, कळसो, भाण संग्रहालयात जाऊ शकत नाही. बहुतेक भांडी मोडीतच जातात आणि तिथे एकच माप घेतले जाते, किलोचे. हातांचा सारा हिशेब तराजूच्या त्या एका आकड्यात वितळून जातो.

म्हणून एक विनंती. पुढचे भांडे मोडीत देण्यापूर्वी अर्धा तास काढा. त्याची उंची, गळा, पोट, वजन वहीत लिहा, आणि घरात आजी असेल तर ते कसे उचलत, कशाने घासत, कोण घासत हे तिला विचारून त्याखाली लिहून ठेवा. भांडे गेले तरी चालेल, माप राहू द्या.