इंदूरहून जुनी कार आणताय? घाट उतरण्याआधी ब्रेक नीट तपासून घ्या

इंदूर : जुनी कार घेताना लोक इंजिनाचा आवाज ऐकतात, टायर बघतात, एसी चालू करून बघतात. ब्रेक मात्र दोन-चार वेळा दाबला, गाडी थांबली, की झालं! इंदूरच्या सपाट रस्त्यावर, शहराच्या वेगात कमजोर ब्रेकही ठीकच वाटतो. खरी परीक्षा पुढे घाटात होते.

माळव्याच्या पठारावरचं इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंचीवर आहे. तिथून खानदेशात यायचं तर आधी नर्मदेच्या खोऱ्यात उतरावं लागतं. आग्रा-मुंबई महामार्गाने आलं तर मानपूरच्या पुढचा उतार आणि सेंधव्यानंतर बिजासन घाट लागतो. खंडवा-बुऱ्हाणपूरकडे जायचं तर सिमरोलजवळ भेरूघाट आहेच. मानपूरपुढचा गणपती घाट ब्रेक फेल होऊन झालेल्या अपघातांमुळे कुप्रसिद्ध होता. 2024 च्या अखेरीस तिथे उतरणाऱ्या वाहनांसाठी नवा मार्ग सुरू झाला. बिजासनच्या खाली, शिरपूर तालुक्यातल्या पळासनेर इथे जुलै 2023 मध्ये ब्रेक निकामी झालेला कंटेनर हॉटेलात घुसला आणि किमान 10 जणांचा जीव गेला.

खासगी कारची नोंदणी 15 वर्षांची असते. ती मुदत संपेपर्यंत फिटनेस तपासणीची सक्ती नसते. म्हणजे 10-12 वर्षं जुन्या गाडीचे ब्रेक आजवर कुणी सरकारी पातळीवर तपासलेलेच नसतात. एबीएससुद्धा सर्व नव्या कारना एप्रिल 2019 पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाडीत ते असेलच असं नाही, विचारून घ्या.

पेडल काय सांगतं?

- पेडल स्पंजसारखं लागतं : लाइनमध्ये हवा शिरलेली असते. एअर काढून घ्यावी, पण हवा शिरली कुठून तेही शोधावं.
- पाय दाबून ठेवला की पेडल हळूहळू खाली जातं : मास्टर सिलेंडर आतून लीक आहे किंवा बाहेर कुठेतरी गळती आहे. अशी गाडी रस्त्यावर काढू नये.
- पेडल दगडासारखं कडक : बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप खराब. घरच्या घरी बघता येतं. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरूनच गाडी चालू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय.
- ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते : एखादा कॅलिपर जाम आहे किंवा एका चाकाच्या पॅडला तेल लागलंय.
- चिरका आवाज : बहुतेक वेळा पॅड संपत आल्याची खूण. खरखर घासल्यासारखा आवाज आला तर पॅड संपून लोखंड डिस्कवर घासतंय, असं समजावं.
- पेडल थरथरतं : डिस्क असमान झिजलेली असू शकते. मात्र जोरात ब्रेक मारल्यावर एबीएसमुळे येणारी थरथर नेहमीची असते.

मागच्या चाकांना ड्रम असतील तर ड्रम उघडून बघायला सांगा. व्हील सिलेंडर गळत असेल तर आतले ब्रेक शू ओले झालेले दिसतात. हँडब्रेकही चढावर लावून बघा.

ब्रेक ऑईलकडे लक्ष

मेकॅनिक ज्याला ब्रेक ऑईल म्हणतात ते हवेतला ओलावा शोषतं. ओलावा वाढला की उकळबिंदू उतरतो. नवं डॉट-3 किमान 205 अंशांपर्यंत तग धरतं. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा 140 पर्यंत येऊ शकते. डॉट-4 चे हेच आकडे 230 आणि 155 आहेत. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून राहिल्यास उष्णता वाढते, ऑईल उकळतं, त्याची वाफ होते आणि पेडल रिकामं खाली जातं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑईल बदलावं. जुनी गाडी घेतल्यावर तर आधीच्या मालकाच्या शब्दावर न राहता लगेच बदलावं.

डबीतली पातळी खाली गेली असेल तर नुसतं वरून ओतून भागत नाही. एकतर पॅड झिजलेत, नाहीतर कुठेतरी गळती आहे. डबीच्या झाकणावर लिहिलंय त्याच प्रकारचं ऑईल टाकावं. इंजिन ऑईल चुकूनही टाकू नये, सगळे रबरी सील फुगून निकामी होतात.

घाटात उतरताना

उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका, इंजिनच गाडी रोखून धरेल. डिझेल-पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं किंवा इंजिन बंद करणं जिवावर बेतू शकतं. इंजिन बंद झालं की दोन-तीन वेळा दाबल्यावर बूस्टरची मदत संपते. ब्रेक सतत दाबून न ठेवता थोडा वेळ दाबून वेग कमी करा, मग सोडा. जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबून चाकं थंड होऊ द्या. त्यावर पाणी ओतू नका.

तरीही ब्रेक लागलाच नाही तर पेडल भराभर पंप करा, एकेक गिअर खाली आणा आणि हँडब्रेक हळूहळू ओढा. एकदम ओढला तर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते. पार्किंग लाइट आणि हॉर्न चालू ठेवा, चढाची किंवा मातीची बाजू शोधा.

सौदा करताना गाडी आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडे नेऊन चारही चाकं काढून बघण्याची अट घाला. मालक नाही म्हणाला तर दुसरी गाडी बघा. सौदा झाला आणि ब्रेकचं काम निघालं, तर ते इंदुरातच उरकून मग घाटाच्या रस्त्याला लागा.