सातव्या तासापासून पुढे

नेत्रदान म्हणजे काय, हे डोंबिवलीकराला नव्याने सांगावे लागत नाही. दधिची देहदान मंडळासारखी संस्था याच गावातली. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा आला की शाळा, सोसायट्या आणि गणेशोत्सवाचे मांडव यांतून आवाहने होतात. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी, हे इथल्या पुष्कळ घरांत तोंडपाठ आहे. मूत्रपिंड किंवा यकृत यांच्यासारखी इथे मेंदूमृत्यूची आणि अतिदक्षता विभागाची अट नसते. बिनलिफ्टच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावर, घरच्या घरी, अर्ध्या तासाच्या आत हे काम होते. २०११ साली अवयवरोपणाच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून प्रशिक्षित तंत्रज्ञही ते करू शकतात.

पण मराठीत नेत्रदानावर जे लिहिले गेले ते बहुतेक या सहा तासांपाशी थांबते. पथक आले, जिना उतरून गेले, घरच्यांना प्रमाणपत्र मिळाले, आणि गोष्ट संपली. हातातल्या थंड पेटीत जे गेले त्याचे पुढे काय झाले? ते किती दिवस टिकले, कशात टिकले, चांगले आहे हे कोणी आणि कशावरून ठरवले? ही प्रस्तावना त्या सातव्या तासाच्या पुढच्या ज्ञानशाखेची आहे. वाचक डॉक्टर असलाच पाहिजे असे नाही. शालेय जीवशास्त्र आणि थोडी चिकाटी एवढे भांडवल पुरते.

आधी जपायचे काय ते पाहू. डोळ्याच्या पुढच्या भागावर घड्याळाच्या काचेसारखी बसलेली पारदर्शक चकती म्हणजे कॉर्निया. मध्यभागी तिची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. तिच्यात एकही रक्तवाहिनी नाही. प्राणवायू ती अश्रूंच्या थरातून थेट हवेतून घेते. रक्तवाहिन्या नसल्यामुळेच परक्याची कॉर्निया शरीर बऱ्यापैकी मुकाट्याने स्वीकारते आणि सहसा रक्तगट जुळवत बसावे लागत नाही. तिची पारदर्शकता मात्र आपोआप टिकत नाही. आतल्या कोलॅजनच्या तंतूंना पाणी शोषून फुगायची सतत ओढ असते. फुगले की तंतूंमधली ठरावीक अंतरे बिघडतात आणि चकती दुधाळ होते. हे पाणी अहोरात्र बाहेर फेकण्याचे काम सर्वांत आतल्या बाजूचा, एकाच पेशीच्या जाडीचा एक थर करतो. त्याला एंडोथेलियम म्हणतात. माणसात या पेशी मेल्या की नव्या तयार होत नाहीत. शेजारच्या पेशी पसरून ती जागा भरतात. प्रौढ माणसात दर चौरस मिलिमीटरला अडीच हजारांच्या आसपास पेशी असतात आणि वयानुसार त्या वर्षाला अर्ध्या टक्क्याहून थोड्या जास्त वेगाने घटतात. पाचशेच्या खाली गेल्या की उपसा अपुरा पडतो. या शाखेतला जवळजवळ प्रत्येक शोध या एका नाजूक थराभोवती फिरतो.

आपल्याकडे ज्याला डोळ्यात फूल पडणे म्हणतात, ते बहुधा कॉर्नियावरच्या पांढऱ्या डागाचे वर्णन असते. जंतुसंसर्ग, शेतातल्या पात्याची इजा, रसायन उडणे अशी त्याची कारणे. तंबाखूबरोबर मिळणाऱ्या चुन्याची पुडी किंवा नळी खेळताना फुटून मुलांचे डोळे जातात, हे आपल्या नेत्रतज्ज्ञांना चांगले ठाऊक आहे. योगायोग असा की यशस्वी कॉर्नियारोपणाचा इतिहासही चुन्यापासूनच सुरू होतो. ७ डिसेंबर १९०५ रोजी, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमोउत्स गावात एदुआर्द झिर्म यांनी चुना विरवताना दोन्ही डोळे भाजलेल्या एका मजुरावर शस्त्रक्रिया केली. कॉर्निया मिळाली ती एका अकरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यातून. धातूचा कण घुसून तो डोळा निकामी झाला होता आणि काढावाच लागणार होता. मजुराच्या दोन डोळ्यांपैकी एका डोळ्यातले रोपण पारदर्शक राहिले. चुन्याने भाजलेला डोळा आजही शल्यविशारदाला घाम फोडतो, त्यामुळे हे यश थक्क करणारे आहे. जपणुकीचा प्रश्न मात्र झिर्म यांच्यापुढे आलाच नाही: देणारा आणि घेणारा एकाच वेळी हाताशी होते.

असा योग रोज कुठून जुळणार? १९३० च्या दशकात ओडेसाच्या व्लादिमिर फिलातोव यांनी मृत व्यक्तीचे डोळे थंड ठेवून वापरता येतात हे मोठ्या प्रमाणावर दाखवून दिले, तेव्हा नेत्रपेढी ही कल्पना शक्य झाली. १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये टाउनली पेटन यांनी नेत्रपेढी काढली. पाठोपाठ १९४५ साली मद्रासला डॉ. मुथय्या यांनी भारतातली पहिली नेत्रपेढी सुरू केली. एवढ्या लवकर आपण या वाटेवर होतो, हे फारसे कोणाच्या लक्षात राहिलेले नाही.

त्या काळची पद्धत साधी होती. अख्खा नेत्रगोल ओलसर हवेच्या बंद बरणीत ठेवायचा आणि बरणी चार अंश सेल्सिअसला शीतकपाटात. हा डोळा फार तर ४८ तास चाले, आणि शल्यविशारदाला तो पहिल्या दिवसातच हवा असे. म्हणजे मध्यरात्री डोळे आले तर पहाटे रुग्णाला निरोप, दुपारी शस्त्रक्रिया. रक्ताच्या चाचण्या, ऊतींची नीट तपासणी, योग्य रुग्णाची निवड या सगळ्याला उरलेल्या वेळात उरकावे लागे. माझ्या मते उणीव शस्त्रक्रियेच्या कौशल्यात नव्हती, वेळेत होती.

तो वेळ मिळाला १९७४ मध्ये. अमेरिकेतल्या फ्लॉरिडा विद्यापीठात बर्नार्ड मॅकॅरे आणि हर्बर्ट कॉफमन यांनी एक द्रव तयार केला. त्याला आजही नेत्रपेढ्यांत सगळे एम-के मीडियम म्हणतात. त्यांनी अख्खा डोळा जपण्याचा नाद सोडला. भोवतालच्या पांढऱ्या कडेसह फक्त कॉर्निया कापून घ्यायची आणि पेशींच्या पोषणासाठी प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या द्रवात बुडवून ठेवायची. नेत्रगोलाच्या आतला द्रव मृत्यूनंतर पेशींना बाधक होत जातो. त्याच्यापासून एंडोथेलियमची सुटका झाली. पण थंडीत पेशींचा उपसा बंद पडतो आणि कॉर्निया फुगू लागते. त्यावर उपाय म्हणून त्यांनी पाच टक्के डेक्स्ट्रॅन घातले. डेक्स्ट्रॅनचे रेणू एवढे मोठे की ते सहजी आत शिरत नाहीत, आणि मोरावळ्याच्या पाकाने आवळ्यातले पाणी ओढून घ्यावे तसे कॉर्नियातले जादा पाणी बाहेर खेचतात. जोडीला प्रतिजैविक, आम्लता स्थिर ठेवणारे रसायन, आणि फिनॉल रेड हे रंगद्रव्य. द्रव गुलाबी आहे तोवर ठीक. पिवळसर झाला की आम्लता वाढली, बहुधा जंतू वाढत आहेत, हे नुसत्या डोळ्यांना कळते. चार दिवसांची मुदत एवढ्या साध्या सामग्रीतून मिळाली.

पुढे डेक्स्ट्रॅनला कॉन्ड्रॉइटिन सल्फेटची जोड मिळाली आणि ऑप्टिसॉलसारख्या द्रवांनी ही मुदत दोन आठवड्यांवर नेली. भारतात एम-के मीडियम मोठ्या प्रमाणावर हैदराबादच्या रामायम्मा आंतरराष्ट्रीय नेत्रपेढीतून पुरवले गेले; मदुराईच्या अरोलॅबने चौदा दिवसांचे कॉर्निसॉल बाजारात आणले. नव्या द्रवांची वाखाणणी करताना जुने चार दिवसांचे द्रव स्वस्त आहे आणि त्यावर आपल्या देशातली असंख्य रोपणे पार पडली आहेत, हे विसरू नये. ज्या गावात रुग्णांची यादी तयार आहे आणि शल्यविशारद हजर आहे, तिथे चार दिवस पुष्कळ होतात. डोंबिवलीहून परळपर्यंतचा लोकलचा प्रवास तासाभराचा. त्या अंतरासाठी चौदा दिवस नकोत. चौदा दिवसांचा उपयोग होतो तो कॉर्निया एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवायची असते तेव्हा.

युरोपने वेगळा रस्ता धरला. तिथे कॉर्निया थंड न करता ३१ ते ३७ अंशांच्या उबेत, चार-पाच आठवडे जिवंत ठेवतात. ऑर्गन कल्चर ही पद्धत खर्चिक आणि कुशल हातांची, पण तिचा एक फायदा मोठा आहे: उबेत जंतू लपत नाहीत, असले तर रोपणाआधीच उघडे पडतात. ग्लिसरीनमध्ये निर्जल केलेली कॉर्निया त्याहून कितीतरी जास्त काळ राहते. तिच्यातल्या पेशी मेलेल्या असतात, पण फुटलेल्या डोळ्याला तातडीचे ठिगळ म्हणून ती कामी येते. गोठवण्याचा प्रयोग १९६५ च्या सुमारास झाला. त्यात खटाटोप फार आणि पेशींची हानी मोठी, म्हणून तो मागे पडला.

आता तपासणीकडे वळू. या शाखेतला मला सर्वांत देखणा वाटणारा भाग हाच. स्लिट लॅम्पच्या प्रकाशाच्या पातळ पट्टीखाली कॉर्नियाच्या घड्या, जुने व्रण, जंतुसंसर्गाचे ठिपके, वयाने आलेले पांढुरके कडे दिसते. एंडोथेलियमच्या पेशी मात्र तिथे मोजता येत नाहीत. १९६८ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड मॉरिस यांनी त्यासाठी स्पेक्युलर मायक्रोस्कोप बनवला. दोन पारदर्शक थरांच्या सीमेवरून प्रकाशाचा अगदी थोडा अंश परत फिरतो; तेवढाच टिपून त्यांनी पेशींची षट्कोनी फरसबंदी छायाचित्रात पकडली. १९७० च्या दशकाच्या मध्यावर हे तंत्र जिवंत माणसाच्या डोळ्यावर आले. तिथेही विल्यम बोर्न यांच्याबरोबर कॉफमन यांचेच नाव दिसते. जपणुकीचा द्रव आणि पेशी पाहण्याचे साधन एकाच दशकात, काही अंशी एकाच माणसाच्या हाताखाली वाढले. मला यात योगायोगापेक्षा गरज दिसते: चार दिवस हातात आल्यावर त्या चार दिवसांत पेशी किती उरल्या हे मोजण्याला अर्थ आला, आणि मोजता येऊ लागल्यावर कोणता द्रव चांगला याचा वाद मतांवरून आकड्यांवर आला.

या दोन्ही धाग्यांची गाठ एका साध्या बाटलीत पडते. पेशी पाहायच्या म्हणून बाटली उघडली तर जंतू शिरण्याची भीती. म्हणून कॉर्नियासाठी पारदर्शक खिडकीच्या खास कुप्या घडवल्या गेल्या. आतल्या छोट्या बैठकीवर कॉर्निया तरंगू न देता ठरावीक जागी बसते, खिडकी सपाट आणि निर्दोष असते, भिंगाला हवे तेवढेच अंतर राहते. झाकण न उघडता तीच कुपी स्लिट लॅम्पखाली आणि स्पेक्युलरखाली जाते. नाव कोणाच्या तोंडी नाही, पुस्तकांत फार तर चार ओळी. तरी माझ्या मते या शाखेतला सर्वांत कमी कौतुक झालेला शोध हाच. एक बारकावा नव्या तंत्रज्ञाने पहिल्याच दिवशी शिकावा: शीतकपाटातून काढल्याबरोबर पेशी नीट दिसत नाहीत. कुपी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी लागते. घाई केली तर चांगली कॉर्निया वाईट ठरते.

पेशींची संख्या दर चौरस मिलिमीटरला दोन हजारांच्या वर असली की पूर्ण जाडीच्या रोपणासाठी कॉर्निया सहसा स्वीकारली जाते. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, उपदंश यांसाठी रक्ताच्या चाचण्या होतात. दान झालेल्या डोळ्यांपैकी बरेच या गाळणीतून पार होत नाहीत, आणि घरच्यांना ते कळले की वाईट वाटते. आवाहन करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे आधीच मोकळेपणाने सांगितले पाहिजे. रोपणाला न चाललेली कॉर्निया शिकाऊ शल्यविशारदांच्या सरावाला आणि संशोधनाला जाते. लेसरने चष्म्याचा नंबर घालवलेल्यांची संख्या वाढते आहे, हाही नवा पेच: त्यांची कॉर्निया बाहेरून निर्दोष दिसते, पण पूर्ण जाडीच्या रोपणाला चालत नाही. आतला थर मात्र वापरता येतो.

इथेच एक सावधगिरी. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, बदलापूरच्या पुढे वांगणीला अंध कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तिथल्या कोणाला पाहून ‘नेत्रदान झाले की याला दिसेल’ असे म्हणणे चुकीचे ठरू शकते. दृष्टिपटल किंवा दृष्टिचेता निकामी असेल तर नवी कॉर्निया काही करू शकत नाही. जिथे ती करू शकते तिथला तुटवडा मात्र खरा आहे: २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत फ्रान्सच्या फिलिप गॅन, जिल थ्युरे आणि सहकाऱ्यांनी १ कोटी २७ लाख लोक रोपणाच्या प्रतीक्षेत असल्याचे आणि गरजेच्या सत्तर कॉर्नियांमागे एकच उपलब्ध असल्याचे मांडले.

हेच गॅन आणि थ्युरे आता कुपीऐवजी एक छोटे यंत्र घडवत आहेत. त्यात कॉर्नियाला डोळ्यातल्यासारखा दाब मिळतो आणि द्रव फिरता राहतो. नेदरलँड्सच्या गेरिट मेलेस यांनी फक्त आतला थर बसवण्याची शस्त्रक्रिया रुळवली, तेव्हापासून तो थर सोलून तयार ठेवण्याचे कामही नेत्रपेढ्यांकडे आले. जपानच्या शिगेरू किनोशिता यांनी २०१८ मध्ये दात्यांच्या पेशी वाढवून त्या ११ रुग्णांच्या डोळ्यांत सुईने सोडल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका दात्याकडून दोन रुग्ण हे गणित त्यामुळे बदलू शकते. पण या वाटांनीही डोळे काढणे, थंड ठेवणे, मोजणे हे टप्पे सुटत नाहीत.

वाचकाने कुठून आत शिरावे? परिचारिका आणि तंत्रज्ञांनी द्रवांपासून. कुपीचा रंग ओळखता आला की बाकीचे रसायन पाठोपाठ येते. एमआयडीसीत साचे आणि प्लास्टिकचे सुटे भाग बनवणाऱ्यांनी खिडकीच्या कुपीपासून: सपाट, स्वच्छ, निर्जंतुक करता येणारी आणि स्वस्त अशी कुपी ही त्यांच्याच हातातली कला आहे. संगणकवाल्यांनी पेशी मोजण्याच्या छायाचित्रांपासून. धूसर चित्रातली पेशीची कड कुठे संपते यावर दोन अनुभवी तंत्रज्ञांचेही एकमत होत नाही, आणि तिथे करण्यासारखे काम अजून पुष्कळ आहे. ज्यांनी घरच्या कोणाचे नेत्रदान केले आहे त्यांनी मात्र तपासणीचा भाग आधी वाचावा, कारण त्यांच्या मनातले प्रश्न तिथेच आहेत.